ज्याचा त्याने म्हणायचा होकार

लक्ष्मीबाई नगर ही दिल्लीतली सरकारी नोकरांची वसाहत. एका अंगाला आय.एन.ए. मार्केट, दुसऱ्या अंगाला सरोजिनी नगर. नाव झाशीच्या राणीचे, पण मराठी घरे इथे बोटांवर मोजण्याइतकी. रविवारी सकाळी सारी वसाहत साखरझोपेत असते, तेव्हा आमच्या क्वार्टरमध्ये इस्त्री तापलेली असते, कुकरच्या शिट्ट्या होत असतात आणि एक मोजा हमखास सापडत नसतो. आम्ही मराठी ख्रिस्ती. माझे माहेर नगरचे. त्या गावाचे नाव २०२४ साली अहिल्यानगर झाले, तरी आमच्या तोंडी अजून नगरच आहे. अमेरिकन मिशनने १८३१ साली तिथे काम सुरू केले, आणि माझ्या माहेरची व सासरची, दोन्ही घराणी त्यातूनच आलेली.

चर्चमध्ये मी शब्बाथ शाळेत लहान मुलांना शिकवते. रंगखडू, चित्रांचे तक्ते आणि गोष्टी. उपासना हिंदीत आणि इंग्रजीत असते, म्हणून मराठी भजने आम्ही रविवारी संध्याकाळी घरी म्हणतो. रेव्हरंड नारायण वामन टिळकांची पदे अभंगाच्या, ओवीच्या चालीत आहेत. टाळ हातात घेतले की शेजारची मंडळीही डोकावतात. नाताळात करंज्या, चकल्या, अनारसे होतात. शेजारी म्हणतात, "तुमच्याकडे दिवाळी दोनदा!"

रविवारची आणखी एक जबाबदारी आमच्या स्त्रीमंडळाने उचलली आहे. 'एम्स' आणि सफदरजंग ही दोन मोठी रुग्णालये आमच्यापासून हाकेच्या अंतरावर. देशभरातून रोगी येतात आणि त्यांचे नातेवाईक बाहेर फुटपाथवर पथारी टाकतात. त्यांच्यासाठी आम्ही खिचडीचे डबे नेतो. त्यात कधी बीडचे, कधी यवतमाळचे कुणी भेटते. हिंदी धड येत नसते, कुठल्या खिडकीवर कार्ड करायचे ते कळत नसते. "तुम्ही मराठी हाय का?" असे विचारताना त्या चेहऱ्यावर जे उमटते, ते पाहिले की आठवडाभराचा शीण उतरतो.

असे सगळे सुरळीत चालले असताना गेल्या वर्षी आमच्या धाकट्याने, वय वर्षे पंधरा, जेवताना सांगितले, "आई, दृढीकरणाच्या वर्गात माझे नाव देऊ नकोस."

दृढीकरण म्हणजे काय, ते वाचकांना सांगायला हवे. आमच्यात बहुतेक घरांत तान्ह्या बाळाचा बाप्तिस्मा होतो. बाळाला काहीच कळत नसते, म्हणून वचन देतात ते आईबाप. मूल जाणते झाले, की धर्माचे शिक्षण घेऊन ते सर्वांसमोर उभे राहते आणि आईबापांनी दिलेला होकार स्वतःच्या तोंडाने देते. मग ते प्रभुभोजनाच्या पंक्तीला बसते. घरात नवे कपडे, गोडधोड, नातेवाईक. तुमच्याकडच्या मुंजीची आठवण व्हावी असा थाट.

"का रे?" मी विचारले.

"मी हे सगळे मानतो की नाही, मलाच ठाऊक नाही. सगळ्यांसमोर उभे राहून खोटे बोलू?"

हे नुसतेच ताटाकडे बघत राहिले. सासूबाईंना फोनवर कळले तेव्हा त्या म्हणाल्या, "पाच पिढ्यांत असे झाले नाही. तू शब्बाथ शाळेत दुसऱ्यांची पोरे शिकवतेस ना?" शब्द लागला. रात्री झोप आली नाही. त्याला दटावून वर्गात बसवणे अवघड नव्हते. नव्या सायकलचे आमिषही पुरले असते. पण मग तो जे म्हणाला असता, त्याला होकार कसे म्हणायचे?

आमच्याच ब्लॉकमध्ये एक तेलुगू कुटुंब आहे. ते मॉर्मन. १८३० साली अमेरिकेत जोसेफ स्मिथ यांनी स्थापन केलेली ही मंडळी. त्यांचे काही आचार आमच्याहून अगदी निराळे. त्या बाई चहा-कॉफीला शिवत नाहीत. त्यांच्या मंडळीत १८३३ सालापासून चालत आलेला हा नियम. दिल्लीत कुणाकडेही गेले की पहिला चहाच पुढे येतो, त्यामुळे त्यांना रोज कुणाला तरी हात जोडून नाही म्हणावे लागते. माझ्याकडे आल्या की मी लिंबाचे सरबत करते. महिन्याच्या एका रविवारी घरातले दोन वेळचे जेवण सोडून त्याचे पैसे गरिबांसाठी देतात. सोमवारची संध्याकाळ फक्त घरच्यांची: एक प्रार्थना, एक गाणे, एखादा धडा आणि शेवटी काहीतरी खाऊ. त्यांच्या मंडळीने १९१५ पासून हा पायंडा पाडला. त्यांच्याकडे पगारी पाळक नसतात. ज्याला जे काम नेमून दिले जाईल ते त्याने नोकरी, संसार सांभाळून करायचे. ह्या बाईही माझ्यासारख्याच मुलांना शिकवतात.

त्यांच्याकडे तान्ह्या बाळाचा बाप्तिस्मा होत नाही. आठ वर्षांचे झाले की मूल स्वतः होकार देते. मी म्हटले, "तुमचे बरे आहे. मुले लवकर ठरवतात." त्या हसल्या. "भाभीजी, आठव्या वर्षी माझी मुलगी उड्या मारत गेली. आता सोळाव्या वर्षी विचारते, मी एकटीनेच चहा का प्यायचा नाही? होकार एकदा देऊन संपत नाही हो."

दोघींच्या चर्चच्या वाटा वेगळ्या, पण काळजी एकच निघाली. त्यानंतर मला आमचीच एक जुनी गोष्ट नव्याने दिसू लागली. १९७० साली नागपूरला सहा मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाले, तेव्हा त्यांत बाळांचा बाप्तिस्मा करणारे होते आणि जाणत्यांचाच करणारेही होते. भांडत बसण्यापेक्षा दोन्ही रीती चालतील, असे ठरले. म्हणजे माणूस आपला होकार केव्हा देतो, ह्याबाबत थोरामोठ्यांनीही मोकळीक ठेवली होती.

आणि आठवल्या दुसऱ्या लक्ष्मीबाई. टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, तेव्हा लक्ष्मीबाई टिळक त्यांच्यामागे गेल्या नाहीत. संसार उधळल्यासारखा झाला. पुढे त्या नवऱ्याकडे परतल्या, तरी सोवळेओवळे आपले आपण पाळत राहिल्या. जातपात त्यांच्या मनातून उतरली ती त्यांच्याच विचाराने, आणि १९०० साली त्या स्वतःहून ख्रिस्ती झाल्या. 'स्मृतिचित्रे' वाचताना आपण हसतो, रडतो. पण त्या पाच वर्षांची किंमत मला आता कळली. ती वर्षे त्यांना मिळाली नसती, तर टिळकांच्या मागे अपुरे राहिलेले 'ख्रिस्तायन' त्यांनी एवढ्या निष्ठेने पुरे केले असते का?

मी पाळकांना जाऊन सांगितले, "यंदा मुलाचे नाव नाही." ते म्हणाले, "दार उघडे आहे." मुलाला म्हटले, "वर्गाला जाऊ नकोस. पण संध्याकाळी भजनाला घरात बसायचे, आणि प्रश्न असतील ते विचारायचे. मला उत्तर आले नाही तर तसे सांगेन." सासूबाईंची समजूत अजून पुरती पटलेली नाही. सणासुदीला नातेवाईक विषय काढतात, तेव्हा घास घशात अडकतो. पण घरात खोटे बोलावे लागत नाही, हा मोठा दिलासा आहे.

त्याने अजून होकार दिलेला नाही. देईल की नाही, मी सांगू शकत नाही. पोथी, नमाज, उपास, शनिवारचा मारुती, ज्याच्या घरी जे असेल ते मूल एक दिवस विचारणारच: मी का करू? घरात दिवा लावणे, ताट वाढणे, प्रार्थना म्हणणे आईच्या हातात असते, आणि ते तिने सोडू नये. त्यापुढचे मुलाने करायचे.

गेल्या रविवारी मात्र खिचडीचा मोठा डबा त्याने न सांगता उचलला. फुटपाथवर नांदेडहून आलेल्या एक आजी होत्या. नातवाच्या तपासणीचा कागद हातात घेऊन त्या गोंधळल्या होत्या. आमचा मुलगा त्यांच्याजवळ उकिडवा बसला आणि आपल्या दिल्लीकर मराठीत एकेक ओळ समजावून सांगू लागला. आजींनी विचारले, "बाळा, तू कुठला?"

"लक्ष्मीबाई नगरचा," तो म्हणाला आणि त्यांच्यासाठी पाणी आणायला उठला.