विकणे आहे

जाहिराती वाचण्याचा मला फार जुना नाद आहे. ज्या वस्तू विकत घेण्याची आपली ऐपत नाही, आणि घेतल्याच तर ठेवावयास जागा नाही, अशा वस्तूंच्या जाहिराती तर मी विशेष गोडीने वाचतो. घेण्याचा प्रश्नच नसल्यामुळे त्या वाचताना मन कसे निर्लेप राहते! परवा मात्र या निर्लेपपणाला थोडा धक्का बसला.

महाविद्यालयाच्या ग्रंथालयात एक विलायती मासिक चाळीत असता एक जुनी लाकडी, शिडाची नौका विकावयाची असल्याची जाहिरात दृष्टीस पडली. दुसऱ्या महायुद्धापूर्वी बांधलेली. ओकच्या फासळ्यांवर सागवानी फळ्या. कित्येक वर्षे खपून पुन्हा मूळच्या रूपाला आणलेली. मालकाचे वय झाल्यामुळे नाइलाजाने ती विकावी लागत होती. पण खाली एक अट होती : नौका शोभेसाठी ठेवणाऱ्याला मिळणार नाही, जो ती समुद्रात नेईल त्यालाच मिळेल.

घरी येऊन हे मी मोठ्या उत्साहाने सांगितले. भाजी निवडता निवडता सौभाग्यवतींनी विचारले, "अहो, पण तुम्हांला पोहता तरी येतं का?" या प्रश्नाने नौकेचा विषय संपला. अटीचा मात्र संपला नाही.

त्या अटीवरून मला 'जिप्सी मॉथ' आठवली. सर फ्रान्सिस चिचेस्टर या इंग्रज गृहस्थांच्या या नौकेचे पुरे नाव 'जिप्सी मॉथ चौथी'. सुमारे ५४ फूट लांबीची, दोन डोलकाठ्यांची आणि महोगनी लाकडाची ही नौका घेऊन २७ ऑगस्ट १९६६ रोजी ते एकटेच प्लिमथहून निघाले. वाटेत फक्त सिडनी येथे मुक्काम करून, पृथ्वीप्रदक्षिणा पुरी करून २८ मे १९६७ रोजी ते प्लिमथला परतले. नऊ महिने आणि एक दिवस! त्या वेळी त्यांचे वय पासष्ट होते, आणि काही वर्षांपूर्वी डॉक्टरांनी त्यांच्या फुप्फुसाला कर्करोग झाल्याचे निदान केले होते. राणीने त्यांना 'सर' केले ते ड्रेकच्या तलवारीने. मौज अशी की, ज्या नौकेने त्यांना ही कीर्ती मिळवून दिली तिच्यावर त्यांचा मुळीच जीव नव्हता. ती फार कलते, हट्टी आहे, एकट्याला आवरत नाही, अशी तिची गाऱ्हाणी त्यांनी उघडपणे लिहून ठेवली आहेत.

कृतज्ञ राष्ट्राने मात्र तिचा मोठा गौरव केला. लंडनमधील ग्रिनिच येथे एक कोरडी गोदी मुद्दाम बांधून १९६८ साली तिला तेथे ठेवण्यात आले. लोक येत, पाहत, धन्य होत. आणि त्या सन्मानाच्या जागी ती हळूहळू कुजू लागली. दक्षिण महासागराच्या लाटांनी जे झाले नाही ते इंग्लंडच्या पावसाने केले. लाकडाची ही गोष्ट आपल्या किनाऱ्यावरील कोणताही तांडेल सांगेल : खारे पाणी लाकडाला राखते, गोडे पाणी मुरले की ते कुजवते. होडी पाण्यात असली म्हणजे फळ्या फुगून सांधे घट्ट बसतात. काठावर वाळत पडली की तेच सांधे उघडतात. म्हणूनच पावसाळ्यात होड्या वर ओढल्या की कोळी त्यांच्यावर झापांचे छप्पर घालतात, आणि पुन्हा पाण्यात लोटण्यापूर्वी तेलपाणी करतात.

छत्तीस वर्षे ग्रिनिचला काढल्यावर २००४ साली ही नौका एका नौकानयनशाळेने विकत घेतली. किंमत एक पौंड आणि एक पेला जिन-टॉनिक! ज्या कारखान्यात ती जन्मली तेथेच तिची दुरुस्ती झाली, आणि २००५ साली ती तरुण मुलांना घेऊन पुन्हा पृथ्वीप्रदक्षिणेला निघाली. एप्रिल १९६७ मध्ये ती सुखरूप घराकडे येत होती. एप्रिल २००६ मध्ये मात्र पॅसिफिकमधील रांगिरोआ बेटाच्या प्रवाळखडकावर आदळून तिची कूस फुटली. कोणी म्हणेल, गोदीत होती ती काय वाईट होती? पण तिला खडकावरून ओढून काढले, ऑकलंडला नेऊन सांधले, आणि २८ मे २००७ रोजी, पहिल्या परतीला बरोबर चाळीस वर्षे होत असता, ती प्लिमथला येऊन पोहोचली. पुढे तिच्या कपाळी आणखी एकदा विक्री आलीच.

ही हकीकत मी प्रथम वाचली तेव्हा कोकणातील आमच्या घराची किल्ली माझ्या टेबलाच्या खणात होती. वडील वारल्यावर थोरल्या बंधूंनी ते घर विकण्याची गोष्ट काढली. दादा व्यवहारी. मी इंग्रजी वाङ्मयाचा अध्यापक. मला स्मृती, परंपरा, मूळ इत्यादी शब्द पाठ. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी, ओटीवर बसून, मी असे काही बोललो की दादा गप्प झाले. घर ठेवायचे ठरले. म्हणजे काय, तर त्याला कुलूप लावायचे ठरले. झोपाळा, देवघर, वडिलांची काठी, सारे जेथल्या तेथे ठेवून आम्ही निघालो. वर्षातून एकदा मी जात असे, कुलूप काढून हिंडत असे, डोळे पुसून परत येत असे. मला वाटे, मी घर राखतो आहे.

पाचव्या वर्षी गेलो तेव्हा माजघराचा वासा खाली आला होता. वाळवीने देवघराची चौकट पोखरली होती. शेजारचे वृद्ध काका बरोबर होते. ते म्हणाले, "अरे, चूल पेटत नाही ना! धूर लागला नाही की लाकडाला कीड धरते." शंभर वर्षे जे वासे टिकले ते माझ्या आजीने आणि आईने चुलीपाशी डोळे लाल करून टिकवले होते, हे मला त्या दिवशी कळले. मी त्यांना नुसती भक्ती पुरवीत होतो.

मी दादांना पत्र लिहिले. घराला दोन गिऱ्हाइके आली. एकाला तेथे पर्यटकांसाठी निवास बांधायचा होता. तो पुष्कळ जास्त देत होता, आणि घर पाडणार होता. दुसरे गावातल्याच शाळेचे शिक्षक. बायको, आई आणि दोन मुले. त्यांच्याजवळ पैसा बेताचा. दादांच्या डोक्यावर मुलीच्या शिक्षणाचे कर्ज होते, हे मला ठाऊक होते. म्हणून या वेळी मी भाषण केले नाही. फक्त म्हणालो, "दादा, तू म्हणशील तसं." बराच वेळ ते बोलले नाहीत. मग म्हणाले, "मास्तरांना देऊ. घर राहील तरी." ज्याला मी पाच वर्षे व्यवहारी समजत होतो, त्याने आपल्या वाट्याचा तोटा एका वाक्यात सोसला होता. माझ्या वाट्याच्या रकमेतून थोडे त्याला घ्यावयास लावताना मला त्याच्याशी भांडावे लागले.

यंदा मार्गशीर्षात त्या बाजूला व्याख्यानाला गेलो असता मी वाकडी वाट करून गावी गेलो. पडवी काढून टाकली आहे. ओटीचा रंग मला आवडला नाही. झोपाळ्यावर एक पोरगी पाढे म्हणत होती, आणि वडिलांची जागा तिच्या पायांखाली होती. हे पाहून मला समाधान झाले असे लिहिले तर ते खोटे होईल. काळजात चर्र झाले, आणि मी फाटकातच थांबलो.

पण मास्तरांनी आत बोलावले. माझ्याच घरी मी पाहुण्यासारखा संकोचून बसलो. मास्तरांच्या आईला गॅसवरच्या भाताला चव लागत नाही, म्हणून मागची चूल अजून पेटते. चहा आला तो तिच्यावरचा, थोडा धुरकट, आमच्या आजीच्या हातचा असे तसा. वर पाहिले, तो कौलांतून धूर झिरपत होता, आणि वासे काळेभोर होऊ लागले होते.