चाळकेवाडीला सरडा पाहिला!

साताऱ्याच्या डोक्यावर दर उन्हाळ्यात हे सगळं चालतं आणि मला त्याचा पत्ताच नव्हता! चाळकेवाडी म्हणजे ठोसेघरच्या पुढचा उघडाबोडका सडा, वारा आणि पवनचक्क्या, एवढीच माझी समज. यंदा मे महिन्यात प्राणिशास्त्र शिकवणारी एक मैत्रीण मला तिथे घेऊन गेली आणि म्हणाली, "दगडांकडे बघ."

दगडावर एक सरडा होता. बोटभर लांबीचा, मातकट, जांभ्या दगडात मिसळून गेलेला. मी नजर पुढे नेणार तेवढ्यात त्यानं मान उंचावली आणि गळ्याखालची घडी उलगडली. निळा! चकाकता, मोरपंखी निळा, त्याला लागून काळा आणि मग भगवा. ती पाळ हनुवटीपासून थेट पोटापर्यंत पसरलेली. दोन-तीनदा फडकवली, मिटली, पुन्हा नुसता मातकट सरडा. पलीकडच्या दगडावर दुसऱ्या नरानं लगेच उत्तर दिलं, मग तिसऱ्यानं. सगळा सडा एकमेकांना निशाणं दाखवत होता! मादी मात्र साधी, तपकिरी. ती या सगळ्याकडे बघत होती की नाही, कोण जाणे, पण एवढा खटाटोप चालला होता तो तिच्यासाठी आणि हद्दीसाठी.

याचं शास्त्रीय नाव सरडा सुपर्बा. फार जुनी गोष्ट नाही, 2016 मध्ये अभ्यासकांनी द्वीपकल्पीय भारतातल्या या गळापाळवाल्या सरड्यांची नव्यानं छाननी केली, तेव्हा एक नवा गण आणि पाच नव्या जाती जगासमोर आल्या. त्यातलाच हा. म्हणजे रस्त्याच्या कडेला, पवनचक्क्यांच्या पायथ्याशी, भर उन्हात मिरवणाऱ्या प्राण्याला नाव मिळायला एकविसावं शतक उजाडावं लागलं!

ती पाळ उघडते कशी, हे मैत्रिणीनं सांगितलं आणि माझा हात आपोआप स्वतःच्या गळ्याकडे गेला. जिभेच्या मुळाशी सरड्याला एक अस्थिरचना असते. तिची लांब काडी स्नायूंनी पुढे-खाली ढकलली की छत्रीच्या काडीनं कापड ताणावं तशी कातडी ताणली जाते. आणि तेच हाड तुमच्या-माझ्या गळ्यातही आहे! हनुवटी आणि स्वरयंत्र यांच्या मधोमध, दुसऱ्या कुठल्याही हाडाला न सांधलेलं. आपण गिळतो, बोलतो ते त्याच्या आधारानं. माशांमध्ये हीच रचना कल्ल्यांच्या कमानींच्या रांगेत बसलेली असते. मासा, सरडा, माणूस: पाठीचा कणा असलेल्या सगळ्यांचं नातं शाळेत पाठ केलं होतं, पण ते स्वतःच्या गळ्यात चाचपून पाहिलं ते इथे.

आणि पवनचक्क्या? मला वाटलं, त्यांचा जमिनीवरच्या सरड्याशी काय संबंध! तर मारिया ठाकर, अमोद झांबरे आणि हर्षल भोसले यांनी याच पठारावर तेच तपासलं. 2018 मध्ये त्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. पवनचक्क्या नसलेल्या भागात शिकारी पक्षी जवळजवळ चौपट आढळले. तिसा, कापशी घार हे पक्षी फिरत्या पात्यांच्या परिसरात फारसे येत नाहीत. वरचा धाक गेला, म्हणून खाली सरडे वाढले. नुसते वाढले नाहीत, बदललेही! माणूस जवळ आला तरी ते उशिरा पळतात, त्यांच्या रक्तात ताणाचं संप्रेरक कमी चढतं. पण गर्दी वाढली की किड्यांसाठी चुरसही वाढणार. तिथल्या नरांच्या गळ्यावरचे रंगही फिके आढळले. विचार करा, आकाशात पातं फिरतं आणि खाली एका सरड्याचा निळा रंग उतरतो! हे समजायला त्यांना घारी मोजाव्या लागल्या, सरड्यांच्या जवळ पावलं टाकत जावं लागलं, त्यांचं रक्त तपासावं लागलं, रंग मोजावे लागले. इतक्या चिकाटीनं एका सड्याकडे पाहता येतं, याचंच मला अजून अप्रूप वाटतं आहे. पडीक जमीन म्हणून ज्याची नोंद होते त्या माळाची किंमत अशा नजरेशिवाय कळणारच नाही, असं माझं ठाम मत झालं आहे.

आता पाऊस सुरू झाला की आंबोली! तिथे मातीत देवगांडूळ असतं. वरून बघाल तर वळ्यावळ्यांचं गांडूळ. पाय नाहीत, डोळे जेमतेम. पण ते बेडकाचं भाऊबंद आहे, त्याला कवटी आहे, मणके आहेत आणि जबड्यात चक्क दात आहेत. मला ते दात बघायचे आहेत. मैत्रिणीला रोज विचारते आहे, पाऊस कधी लागतोय गं?