परतीला निघण्यापूर्वी

सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावरील रेडी गावच्या माणसाला दूरदेश नवा नाही. ऐहोळेच्या इ.स. ६३४ च्या शिलालेखात चालुक्य राजा मंगलेशाने जिंकलेल्या रेवतीद्वीपाचा उल्लेख येतो, ते रेवतीद्वीप म्हणजे ही रेडीच, असे अभ्यासक मानतात. यशवंतगडाच्या पायथ्याच्या खाडीने गलबते पाहिली, नंतर लोहखनिज घेऊन जाणाऱ्या बोटी पाहिल्या. या किनारपट्टीवरची माणसे बोटीवर गेली, आखातात गेली. आणि २०२३ च्या जानेवारीत शेजारच्या गोव्यात, पेडण्याच्या मोपा विमानतळावरून विमाने उडू लागल्यापासून परदेश आणखी जवळ आला. जाणाऱ्यासाठी आपल्याकडे रीत आहे. ग्रामदेवतेपुढे गाऱ्हाणे घालायचे, थोरांच्या पाया पडायचे. येणाऱ्यासाठीही आहे; नवस फेडायचा, नारळ ठेवायचा. मात्र परमुलखातून घराकडे निघण्यापूर्वी जे चार-दोन दिवस हाताशी असतात, त्यांच्यासाठी कसलीच रीत नाही. ते दिवस बॅगेचे वजन करण्यात, बाजार पालथा घालण्यात आणि राहिलेली ठिकाणे उरकण्यात जातात. एकट्याने गेलेल्या माणसाचे तर यात फार नुकसान होते, असे माझे मत आहे. प्रवास पुरा होतो तो याच दिवसांत. मनात अडलेले प्रश्न विचारून घेणे, जे कळले असे वाटते ते तिथल्या तिथे पडताळणे आणि ज्या माणसांमुळे कळले त्यांच्याशी पुढचा संबंध बांधून ठेवणे, ही त्या दिवसांची कामे आहेत.

एकट्याचा मुद्दा वेगळा काढण्याचे कारण आहे. दोघे मिळून गेले की एकाच्या आठवणीला दुसऱ्याची साक्ष मिळते. एकाने फुगवून सांगितले तर दुसरा सावरून घेतो. एकट्याला हा आधार नसतो. घरी पाऊल ठेवले की प्रश्न सुरू होतात: किती खर्च आला, जेवणाचे हाल झाले का, थंडी किती होती, आमच्यासाठी काय आणलेस? प्रश्न मायेचे असतात, पण ते विचारणाऱ्याच्या कुतूहलाचे असतात. सांगणारा त्यांनाच उत्तरे देतो आणि पाच-सहा वेळा तेच सांगून झाले की त्याला स्वतःलाही तेवढेच आठवू लागते. रेडीच्या खाणीतले खनिज कच्चेच बोटीत चढत आले. त्याचे पोलाद झाले ते दुसऱ्या मुलखात, दुसऱ्यांच्या भट्टीत, त्यांना हव्या त्या आकाराचे. कच्चाच घरी आणलेला अनुभवही असाच दुसऱ्यांच्या हाती जातो. त्याला निदान पहिला आकार आपण द्यावा, आणि तो जिथे मिळाला त्या भूमीवर असतानाच द्यावा.

माणसाची स्मृती शेवटाला किती वजन देते, हे मानसशास्त्रानेही दाखवले आहे. डॅनियल कानमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा १९९३ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग आहे. लोकांना एकदा ६० सेकंद १४ अंश सेल्सिअसच्या गार पाण्यात हात धरायला सांगितला. दुसऱ्या वेळी तेवढेच ६० सेकंद आणि वर आणखी ३० सेकंद. या जादा वेळात पाण्याचे तापमान हळूहळू १५ अंशांपर्यंत वाढवले. तिसऱ्यांदा यांतले काय चालेल असे विचारल्यावर बहुतेकांनी लांबलेला त्रास निवडला, कारण त्याचा शेवट किंचित सुसह्य होता. प्रवासाला हे लावून पाहावे. महिनाभर चांगले गेलेले दिवस अखेरच्या दगदगीने झाकोळतात, तसाच अखेरच्या एका सुंदर संध्याकाळीने महिनाभराचा एकटेपणा पुसला जातो. दोन्ही आठवणी खोट्याच. म्हणून शेवट गोड करण्यापेक्षा तो शांत ठेवावा, आणि शेवटाची छाया मागच्या दिवसांवर पडण्याआधी त्या दिवसांचा हिशेब कागदावर उतरवावा.

या दिवसांतून काय मिळवता येते, याचा सर्वांत बोलका दाखला १९१७ सालचा आहे. बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि भीमराव आंबेडकरांना लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून परतावे लागले. न्यूयॉर्क आणि लंडन मिळून चार वर्षे परदेशात घालवलेला हा विद्यार्थी पोट मारून पुस्तके घेत असे. सामान त्यांनी वेगळ्या बोटीने पाठवले होते. महायुद्ध चालू होते, ती बोट पाणबुडीच्या हल्ल्यात बुडाली. २१ ऑगस्टला ते मुंबईत उतरले तेव्हा ते ग्रंथ हाती राहिले नव्हते. राहिली होती ती निघण्यापूर्वी मिळवलेली एक परवानगी. ऑक्टोबर १९१७ पासून चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुढे चालवता येईल, अशी ती परवानगी होती आणि तिच्यामागे प्राध्यापक एडविन कॅनन यांची शिफारस होती. १९२० साली ते लंडनला परतले, पुढच्या वर्षी एम.एस्सी. आणि १९२३ मध्ये डी.एस्सी. झाले. रुपयाच्या प्रश्नावरचा त्यांचा प्रबंध त्याच वर्षी ग्रंथरूपाने आला, त्याला प्रस्तावना कॅनन यांचीच. विकत घेतलेले समुद्राने गिळले, बांधून ठेवलेले टिकले. परवानगी म्हणजे नुसते कार्यालयीन कागदपत्र, असे कोणी म्हणेल. पण निघण्याच्या घाईत, पुढची सोय दिसत नसताना, ‘मी परत येणार आहे’ हे संस्थेकडून लेखी मान्य करून घेण्याला मनाचा मोठा निर्धार लागतो.

पंडिता रमाबाईंचे उदाहरण याहून विस्तृत आहे. १८८६ च्या मार्चमध्ये आनंदीबाई जोशींच्या वैद्यकीय पदवीदान समारंभासाठी त्या अमेरिकेत गेल्या आणि १८८८ च्या अखेरीपर्यंत तिथे राहिल्या. १८८७ च्या डिसेंबरात बॉस्टनला त्यांच्या विधवा-शिक्षणाच्या कार्यासाठी संस्था स्थापन झाली आणि तिने दहा वर्षे मदत देण्याचे मान्य केले. त्यानंतर लगेच घरची वाट न धरता रमाबाई पश्चिम किनाऱ्यापर्यंत व्याख्याने देत, गावोगाव सहायक मंडळे उभी करत गेल्या आणि सॅन फ्रान्सिस्कोहून जपानमार्गे परतल्या. १८८९ च्या फेब्रुवारीत त्या मुंबईत पोहोचल्या आणि ११ मार्चला शारदासदन सुरू झाले. विधवांसाठी शाळा काढण्याइतके अवघड काम महिना-सव्वा महिन्यात उभे राहिले, कारण त्याचा पाया अमेरिकेतल्या अखेरच्या महिन्यांतच घातलेला होता.

यावर आक्षेप येतात आणि ते हलके नाहीत. अंतर पडल्याशिवाय अनुभवाचा अर्थ लागत नाही, मग घाई कशाला? रमाबाईंनीही अमेरिकेवरचे प्रवासवृत्त परतल्यावरच, १८८९ साली प्रसिद्ध केले. हे खरे आहे. पण अर्थ मागाहून लावता येतो, चौकशी मागाहून करता येत नाही. तिथली शाळा कशी चालते, पैसा कोण देतो, कायदा काय म्हणतो हे तिथेच विचारावे लागते. न विचारलेल्या प्रश्नाला घरी आल्यावर कल्पनाच उत्तर देते. दुसरा आक्षेप पैशाचा. आयुष्यात एकदाच जाणाऱ्याने डोळे भरून का पाहू नये? जरूर पाहावे, पण शेवटच्या दिवशी धावत पाहिलेली तीन ठिकाणे वर्षभरानंतर एकमेकांत मिसळलेली असतात. तिसरा आक्षेप मला सर्वांत जवळचा वाटतो: भेटवस्तू म्हणजे चैन नव्हे. आखातातून येणाऱ्याच्या बॅगेतले खजूर, अत्तर, मुलांची खेळणी ही त्याच्या गैरहजेरीची भरपाई असते, आणि तिची थट्टा करण्याचा कोणाला अधिकार नाही. माझे म्हणणे इतकेच की ती खरेदी आधी उरकता येते. घरच्यांना हवा असतो तो भानावर असलेला माणूस. बाजारातून थेट विमानात बसलेला माणूस घरी पोहोचून आठवडाभर झोपतो.

शेवटचा आक्षेप असा की हे दिवस हाती असतातच असे नाही. बोटीवरच्या माणसाला साइन-ऑफचा, म्हणजे बोट सोडण्याचा, निरोप अचानक येतो. २०२० च्या साथीत करार संपूनही जगभर चार लाखांच्या आसपास खलाशी बोटींवर अडकून पडले होते. घरी जाण्याची तारीखच नसेल तर अखेरचे दिवस कुठले ठरवणार? आनंदीबाईंचेच पाहा; त्या १८८३ साली एकट्या अमेरिकेला गेल्या. परतताना पती गोपाळराव सोबत होते, पण क्षयाने शरीर पोखरले होते. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातली नेमणूक त्यांनी अमेरिकेतच स्वीकारली होती, तिथे रुजू होण्याआधी २६ फेब्रुवारी १८८७ ला त्या गेल्या. तरी त्यांनी जोडलेली माणसे राहिली. कॅरोलिन डॉल यांनी लिहिलेले त्यांचे चरित्र १८८८ मध्ये बॉस्टनला निघाले आणि त्यांची रक्षा, ज्यांच्या घरी त्या अमेरिकेत राहिल्या होत्या त्या कार्पेंटर कुटुंबाने पोकीप्सीच्या आपल्या दफनभूमीत ठेवली. ज्याला तारीख माहीत नाही त्याने तर हे काम शेवटावर टाकूच नये, प्रत्येक मुक्काम सोडताना करावे.

म्हणून एकट्याने परदेशी जाणाऱ्या प्रत्येकाला, तो शिकायला जावो, नोकरीला जावो की नुसता पाहायला, माझी विनंती आहे. तिकीट काढतानाच परतीआधीचे दोन दिवस मोकळे ठेवा. खरेदी त्याआधी संपवा. पहिल्या दिवशी आपल्याला काय कळले आणि काय कळलेच नाही ते लिहा, आणि जे कळले नाही ते तिथल्या माणसांना विचारा. दुसऱ्या दिवशी ज्यांनी मदत केली त्यांच्या घरी किंवा कामाच्या जागी जाऊन आभार माना, पत्ता घ्या, आपला द्या, पुढे काय करणार ते सांगा. मग घरी या.