आर.सी. बुकावरचे नाव

२०२५ च्या पावसाळ्यात आमच्या घरात एकच विषय होता. दादांची राजदूत ठेवायची की काढायची?

आम्ही तीन भावंडे. वडिलांना आम्ही दादा म्हणायचो. चिखलीत आमचे घर दोन खोल्यांचे, पुढे पत्र्याची पडवी. पडवीत एका बाजूला पाण्याची टाकी, दुसऱ्या बाजूला राजदूत. तिसऱ्या वस्तूला जागा नाही. आणि थोरल्याची मुलगी, दादांची लाडकी नात, बुलडाण्याला एका दवाखान्यात नर्स म्हणून लागली. अंतर वीस-पंचवीस किलोमीटर. रात्रपाळी असली की जाण्या-येण्याची काळजी घरातल्या सगळ्यांना. तिच्यासाठी स्कूटर घ्यायची ठरली. गल्ली एवढी अरुंद की रात्री बाहेर गाडी ठेवली तर सकाळी पाण्याचा टँकर आत येत नाही. म्हणजे राजदूतने जागा सोडणे भाग होते.

बोलायला सोपे होते. करताना मात्र तिघांच्याही तोंडून शब्द फुटेना.

दादा गवंडी होते. आधी सायकलवर थापी, ओळंबा, गुण्या आणि भाकरीचे फडके बांधून केळवद, अमडापूर, मेरा बुद्रुक अशा गावांना कामाला जायचे. घरी यायला रात्र व्हायची. १९९४ साली त्यांनी सायकल विकली, मायने दोन शेळ्या विकल्या, बाकीची रक्कम ठेकेदाराकडून उचल घेतली आणि १९९० सालची जुनी राजदूत दारात आली. ज्यांच्या आजा-पणजाने सारे आयुष्य पायी काढले, त्यांच्या दारात फटफटी उभी राहिली. गल्लीतली पोरे दोन दिवस तिच्याभोवतीच होती.

राजदूत म्हणजे फरिदाबादच्या एस्कॉर्ट्स कंपनीची गाडी. मूळ नमुना पोलंड देशातला. दणकट, कच्च्या रस्त्याला न भिणारी, म्हणून खेड्यापाड्यात दूधवाल्यांपासून सगळ्यांची आवडती. इंजिन दोन स्ट्रोकचे. पेट्रोलमध्येच मोजून ऑईल मिसळावे लागे. ऑईल कमी पडले तर पिस्टन जाम, जास्त झाले तर प्लग काळा आणि मागे धुराचा लोट. दादांनी मापासाठी एक लहान डबी ठेवली होती. प्लग काढून पॉलिश पेपरने घासण्याचे काम आम्हा पोरांकडे. शाळेत पहिला नंबर आला नाही, पण प्लग घासण्यात आमचा हात कोणी धरला नसता.

ती गाडी एकट्या दादांची राहिलीच नाही. आमच्या बहिणीला दहावीच्या परीक्षेला तिनेच पोचवले. धाकट्याला तापात झटके आले, तेव्हा भर पावसात रात्री बुलडाण्याला तिनेच नेले. गल्लीतल्या किती बाळंतिणींसाठी दादांनी मध्यरात्री किक मारली, त्याची मोजदाद नाही. चौदा एप्रिलला हँडलला निळा झेंडा लावून ती मिरवणुकीत असायची.

पण तिला काढताना जीव अडला तो वेगळ्याच कारणाने. ते कारण मायच्या पत्र्याच्या पेटीत होते. गाडीचे आर.सी. बुक.

आमच्या घराला सातबारा नव्हता. शेत नव्हते. राहती जागाही बरीच वर्षे कागदावर कोणाची ते धड सांगता येत नव्हते. रेशनकार्डावर दादांचे नाव होते, मतदार यादीत होते, पण ‘मालक’ या शब्दापुढे त्यांचे नाव सरकारने पहिल्यांदा लिहिले ते या पुस्तकात. दादा चौथीपर्यंत शिकलेले. पुस्तक हातात आले त्या संध्याकाळी त्यांनी ते आमच्याकडून तीनदा वाचून घेतले होते. मायने ते प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवले. गाडी विकायची म्हणजे त्या रकान्यातून दादांचे नाव जाणार होते.

२०२१ साली दादा गेले. त्यानंतर गाडी पडवीतच उभी. खरे तर मालक वारला की ३० दिवसांच्या आत परिवहन कार्यालयाला कळवायचे असते आणि वारसाने ३ महिन्यांत आपल्या नावासाठी अर्ज करायचा असतो. आम्ही यातले काहीच केले नाही. दुःख होते हे खरे, पण आळसही होता. दर ५ वर्षांनी करायचे नूतनीकरण दादांनी कधी चुकवले नव्हते. शेवटचे त्यांनीच २०२० साली केले. ती मुदतही संपली. आता नूतनीकरण करायचे तर २० वर्षांवरच्या दुचाकीचे शुल्क ऑगस्ट २०२५ पासून २,००० रुपये झालेले. वर पर्यावरण कर. एप्रिल २०१९ पूर्वीची गाडी म्हणून नवी सुरक्षा नंबरप्लेटही बसवायची.

भंगारवाला आला. म्हणाला, कागदाची भानगड नको, वजनावर रोख देतो. दुसरा एक जण म्हणाला, कोऱ्या फॉर्मवर सह्या द्या, पुढचे मी पाहतो. आम्हाला मोह झाला. एवढे हेलपाटे कोण घालणार? तेव्हा इतके दिवस गप्प असलेली माय बोलली.

“ज्याच्या नावावर चढंल त्यालेच द्या. उद्या त्यानं कुठं कोनाले धडक देली, तं पोलीस तुमच्या दादाचं नाव घेत दारात येतीन. मेल्या माणसाच्या नावाले डाग नको.”

मग तीच पुढे म्हणाली, “दादानं सायकल इकली तवा मी रडले, ते नाही रडले. म्हने, पुढं जायचं तं मागचं सोडा लागते.”

आम्ही तिघे एकमेकांकडे पाहत राहिलो. दादांसाठी आम्ही अडून बसलो होतो, आणि दादांनी हा निर्णय १९९४ सालीच करून ठेवला होता.

जालन्याकडचा एक तरुण गॅरेजवाला जुन्या गाड्या दुरुस्त करून वापरतो. तो सगळे कागद रीतसर करायला तयार झाला. नूतनीकरणाचा निम्मा खर्चही त्याने उचलला. बुलडाण्याच्या कार्यालयात आधी ३१ नंबरचा फॉर्म भरला. मृत्यूचा दाखला, आम्हा तिघांची संमती. त्या फॉर्मने गाडी मायच्या नावावर झाली. काही दिवसांपुरती का होईना, त्या रकान्यात माय मालक म्हणून आली. उभ्या आयुष्यात पहिल्यांदा. मग विक्रीचे २९ आणि ३० नंबरचे फॉर्म. माय साक्षरतेच्या वर्गात सही शिकली होती. प्रत्येक ठिकाणी तिने सावकाश, एकेक अक्षर जोडून सही केली. मागच्या रांगेतले लोक थांबले, पण कोणी घाई केली नाही.

जुने पुस्तक जमा करण्याआधी आम्ही त्याची झेरॉक्स काढून घेतली. ती आता त्याच पेटीत आहे.

गाडी न्यायला तो तरुण आला तेव्हा त्याने किक मारली. चौथ्या किकला ती उठली. पडवी धुराने भरली. माय आत गेली नाही. गाडी वळणाआड जाईपर्यंत उभी राहिली. मग तिने फडे घेऊन ती जागा झाडली. जमिनीवर ऑईलचा काळा डाग होता, तो काही गेला नाही.

वाचकहो, जुन्या वस्तूचा मोह सगळ्यांनाच असतो. आपल्यासारख्यांना जास्त, कारण आपल्याकडे एकेक वस्तू पोटाला चिमटा घेऊन आलेली असते. पण जी वस्तू आपल्याला पुढे नेण्यासाठी आली, तिनेच लेकीची वाट अडवू नये. आणि देताना कागद पुरा करूनच द्यावा. आपल्या माणसांची नावे मोठ्या कष्टाने कागदावर आलेली आहेत.

स्कूटर आली. तिची आर.सी. आता पुस्तक नाही, लहानसे कार्ड आहे. त्यावर नातीचे नाव. मायने ते हातात घेऊन म्हटले, “वाच.” पोरीने वाचले. “पुन्हा वाच.” तिने पुन्हा वाचले.

पहिल्या दिवशी पाळी संपवून ती रात्री दहाला आली. माय पडवीतच बसलेली. म्हणाली, “हिचा आवाजच येत नाही व माय. दादाची गाडी तं नाक्यावरूनच कळायची.”

“मी नाक्यावर हॉर्न वाजवत जाईन, आजी,” पोरगी म्हणाली.

तेव्हापासून ती वाजवते. मग माय चुलीवर भाजी गरम करायला ठेवते.