पिकोच्या सावलीतले बंदर

पणजीस राहणारे माझे एक स्नेही अधूनमधून एखादे जुने छायाचित्र पाठवतात आणि त्याच्या पाठीवर पेन्सिलीने एवढेच लिहितात, "हे कुठले, ओळखा." स्थळाचे नाव नसते, सालाचा पत्ता नसतो, आमच्यात ठरलेली गोष्ट एकच, की त्या ठिकाणी जहाजांचाही इतिहास असावा आणि विमानांचाही.

यंदाच्या चित्रात चार इंजिनांचे एक प्रचंड जलविमान पाण्यावर विसावले होते, त्याच्या कुशीला एक होडी लागली होती आणि मागे, थेट समुद्रातून वर आल्यासारखा, शंकूच्या आकाराचा एक पर्वत कमरेला ढगाचा शेला गुंडाळून उभा होता. फुजीयामा, असे मी मनाशी ठरवले आणि दोन दिवस त्याच समजुतीत राहिलो. तिसऱ्या दिवशी भिंगाखाली विमानाचे शेपूट पाहिले, तर त्यावर तीन उभी पाती. असे शेपूट बोइंग 314 चे, म्हणजे 1939 पासून अटलांटिक ओलांडणाऱ्या क्लिपर विमानांचे. मग लिस्बनच्या पश्चिमेस सुमारे 1700 किलोमीटरवर, अझोर्स द्वीपसमूहात नजर गेली आणि उलगडा झाला : पर्वत पिको बेटावरचा, 2351 मीटर उंचीचा, आणि छायाचित्रकार उभा होता तो मधल्या खाडीच्या अलीकडे, फायाल बेटावरच्या ओर्ता गावी. पोर्तुगीज भाषेत ओर्ता म्हणजे भाजीचा मळा.

स्थळ सापडले तरी चित्र हातावेगळे करवेना. या मुक्कामी जहाज आणि विमान एकाच गरजेने आले, आणि ती गरज म्हणजे अथांग महासागराच्या मध्यावर थोडेसे निवांत पाणी. अमेरिकेची देवमाशांची शिकारी गलबते इथे शिधापाणी व खलाशी घेत. पुढे समुद्राच्या तळातून आलेल्या तारायंत्राच्या केबल इथेच किनाऱ्याला लागल्या. 1895 साली एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणेस निघालेला जोशुआ स्लोकम इथे थांबला आणि निघताना मिळालेली आलुबुखारे व पिकोचे पांढरे चीज खाऊन भर समुद्रात पोटशुळाने तळमळला.

परंतु मला सर्वांत मोलाची वाटते ती 1919 च्या मे महिन्यातली हकीकत. अमेरिकी नौदलाची तीन जलविमाने न्यूफाउंडलंडहून अझोर्सच्या रोखाने निघाली. वाटेवर ठरावीक अंतराने युद्धनौका दिव्यांनी दिशा दाखवीत उभ्या होत्या, तरीही बेटांजवळ धुक्याने सारा हिशेब चुकवला. एनसी-4 हे विमान तेवढे 17 मे रोजी ओर्ताच्या बंदरात सुखरूप उतरले आणि पुढे लिस्बन गाठून, विमानाने अटलांटिक प्रथम ओलांडल्याचा मान त्याने मिळवला. एनसी-1 समुद्रावर उतरले, त्यातील माणसे एका जहाजाने वाचवली आणि विमान बुडाले. एनसी-3 ची गोष्ट याहून विलक्षण : तेही खवळलेल्या पाण्यावर उतरले, पुन्हा उडणे अशक्य झाले, तेव्हा त्यातील माणसांनी पंख आणि शेपूट यांनाच शिडाचे काम देऊन, वाऱ्याच्या कलाने, उलट्या तोंडाने, सुमारे दोनशे मैल ते विमान हाकीत पोंता देल्गादा बंदरात आणले. विमानाचे तारू करणाऱ्या त्या माणसांना मी जन्मजात दर्यावर्दी मानतो.

क्लिपरच्या काळातही समुद्राचाच हुकूम चाले. ओर्ताबाहेर लाटा जरा उंचावल्या, की विमानाला पाणी सोडता येत नसे, आणि प्रवासी पिकोकडे पाहत दिवसच्या दिवस अडकून पडत. चित्रातल्या पाण्यावर, होडीच्या पलीकडे, लाटांची एक बारीक रेघ दिसते. ते विमान त्या दिवशी सुटले की नाही, हा प्रश्न मला अजून सोडत नाही.

स्नेह्यांना उत्तर पाठवले, "ओर्ता, फायाल," आणि त्यांच्या गोव्यासाठी खाली आणखी एक नोंद जोडली : 1594 च्या जून महिन्यात, गोव्याहून लिस्बनला परतणारे 'सिंको शागास' हे मालाने भरलेले पोर्तुगीज जहाज इंग्रजांच्या हल्ल्यात पेटले आणि शेकडो माणसांसह याच फायाल बेटाजवळ बुडाले.