सुडाची फाईल

“गावोगाव जाऊन जादूटोण्याविरुद्ध भाषणे करता आणि घरी बसून जादूगाराचा सिनेमा बघता! हे कसे काय?” शेजारच्या गुरुजींनी गॅलरीतून हा प्रश्न टाकला, तेव्हा आम्ही हसून वेळ मारून नेली. पण प्रश्न मनात राहिला. त्याचे उत्तर सापडायला दोन-तीन आठवडे गेले आणि मध्ये कचेरीतली एक फाईल आली. ते सगळे आज वाचकांपुढे ठेवतो.

झाले असे. आमची मुलगी बी.ए.ला इंग्रजी घेऊन शिकते. तिला शेक्सपिअरचे ‘द टेम्पेस्ट’, म्हणजे ‘वादळ’, हे नाटक नेमले आहे. आम्ही पडलो बी.कॉम. जमा आणि खर्च समजतो, शेक्सपिअर समजत नाही. पण मुलगी म्हणाली, “पप्पा, नुसतं वाचून डोळ्यापुढे येत नाही. यावर सिनेमे निघालेत, ते बघू.” मग एका रविवारी विहारातली सभा आटोपून आम्ही, मुलगी आणि मुलीची आई असे तिघे बसलो.

गोष्ट थोडक्यात सांगतो. मिलानचा ड्यूक प्रॉस्पेरो, म्हणजे तिथला राजाच. त्याला कारभारापेक्षा ग्रंथांचा नाद. सख्ख्या भावाने, अँटोनिओने, नेपल्सच्या राजाला हाताशी धरून त्याची गादी बळकावली आणि त्याला लहानग्या मिरांडासह मोडक्या होडीत बसवून समुद्रात सोडून दिले. बापलेक एका बेटाला लागले. तिथे ग्रंथांच्या बळावर प्रॉस्पेरो मोठा जादूगार झाला. बारा वर्षांनी तेच शत्रू गलबतात बसून त्या बाजूने जातात. प्रॉस्पेरो वादळ उठवतो आणि सगळ्यांना बेटावर ओढून आणतो. आता ते त्याच्या मुठीत आहेत. सूड घ्यायचा की सोडून द्यायचे, हा प्रश्न अवघ्या तीन-चार तासांत सुटतो. या नाटकाच्या प्रयोगाची पहिली नोंद १ नोव्हेंबर १६११ ची आहे. इंग्लंडच्या राजापुढे तो झाला होता.

बेटावर आणखी दोघे आहेत आणि आमचे लक्ष त्यांच्याकडेच गेले. एक एरियल, वाऱ्यासारखा अदृश्य सेवक. मागे एका चेटकिणीने त्याला झाडाच्या खोडात कोंडले होते. प्रॉस्पेरोने सोडवले, तेव्हापासून तो सुटकेच्या आश्वासनावर राबतो आहे. सुटका कधी, असे विचारले की मालक उपकाराची आठवण देऊन दरडावतो. हंगामी म्हणून लागलेल्या आणि ‘पुढच्या वर्षी कायम करू’ हे ऐकत केस पिकलेल्या आपल्या बांधवांना हा एरियल ओळखीचा वाटेल. दुसरा कॅलिबन. तो त्या चेटकिणीचा मुलगा, बेटावरच जन्मलेला. त्यानेच या परक्यांना गोड्या पाण्याचे झरे दाखवले. पुढे त्याचे बेट गेले आणि तो मालकासाठी लाकडे वाहणारा गुलाम झाला. त्याला मालकाची भाषा शिकवण्यात आली. त्याच भाषेत तो मालकाला शिव्याशाप देतो.

आम्ही लगेच कॅलिबनची बाजू घेतली. तेव्हा मुलीने थांबवले. “पप्पा, त्याने मिरांडावर जबरदस्ती करायचा प्रयत्न केला होता. ते कोणत्या खात्यात टाकणार?” आम्ही गप्प झालो. ज्याच्यावर अन्याय झाला त्याच्या हातून अन्याय होतच नाही, असे नाही. हिशेब दोन्ही बाजूंनी लिहावा लागतो, हे बी.ए.च्या मुलीने बी.कॉम. झालेल्या बापाला शिकवले.

आता सिनेमाकडे वळू. रंगमंचावर या नाटकातली जादू प्रेक्षकांच्या संमतीवर चालते. नट म्हणतो, मी अदृश्य आहे. आपण म्हणतो, ठीक आहे. आपल्या जलशात एक गिरकी घेतली की माणूस मुंबईहून गावी पोचायचा, तसेच हे. सिनेमाची अडचण उलटी आहे. कॅमेऱ्याला काहीही दाखवता येते, त्यामुळे जादूचे अप्रूपच उरत नाही. १९०८ साली इंग्लंडमध्ये या नाटकावर सुमारे बारा मिनिटांचा मूकपट निघाला. प्रॉस्पेरो जी जुनी हकिगत मुलीला बसून सांगतो, ती मूकपटात सांगणार कशी? त्यांनी ती आधीच घडताना दाखवली. १९५६ साली अमेरिकेत ‘फॉरबिडन प्लॅनेट’ निघाला. त्यात बेटाचा परग्रह झाला आणि जादूगाराचा शास्त्रज्ञ. तिथे माणसे मारत फिरणारा अदृश्य राक्षस शेवटी त्या शास्त्रज्ञाच्याच मनातून निघालेला ठरतो. खरे भूत बाहेर नसते, हे त्या सिनेमावाल्यांनी बरोबर पकडले.

आम्ही तिघांनी मिळून पाहिला तो २०१० चा, ज्युली टेमर या दिग्दर्शिकेचा सिनेमा. तिने प्रॉस्पेरोची प्रॉस्पेरा केली आहे. काम हेलन मिरेनने केले आहे. नवऱ्याच्या मृत्यूनंतर भाऊच तिच्यावर चेटकाचा आरोप ठेवतो आणि गादी घेतो. बाईला चेटकीण ठरवले की तिच्या वाट्याचे लाटायला रान मोकळे होते, हे खेड्यांत काम करणाऱ्याला समजावून सांगावे लागत नाही. महाराष्ट्राचा २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा अशा प्रकारांसाठीही करावा लागला आहे. सिनेमाचे चित्रण हवाई बेटांवर, ज्वालामुखीच्या काळ्या खडकांत झाले. आफ्रिकेत जन्मलेला जायमन हॉन्सू कॅलिबन झाला आहे. त्याच्या अंगाला भेगाळलेल्या जमिनीसारखा रंग दिला आहे. जणू ते बेटच उठून चालते आहे.

नाटकाच्या शेवटी प्रॉस्पेरो शत्रूंना माफ करतो. कॅलिबनच्या वाट्याला काय येते? जा, खोली आवर, असा हुकूम. टेमरच्या सिनेमात मालकीण आणि कॅलिबन एकमेकांकडे नुसते पाहतात आणि तो काही न बोलता पायऱ्या चढून निघून जातो. त्यावर मुलीची आई म्हणाली, “अहो, मग सातबारा त्याच्या नावावर झाला का?” आम्ही आणि मुलगी एकमेकांकडे पाहत राहिलो. एवढ्या चित्रणात आणि चमत्कारांत नेमके तेवढेच राहून गेले होते. हा प्रश्न इतरांनीही विचारला आहे. मार्टिनिक बेटावरचे कृष्णवर्णीय कवी एमे सेझेर यांनी १९६९ साली हेच नाटक कॅलिबनच्या बाजूने नव्याने लिहिले. त्यात तो मालकाने दिलेले नावही नाकारतो.

दुसरा सिनेमा १९९१ चा, पीटर ग्रीनअवे यांचा ‘प्रॉस्पेरोज बुक्स’. हा मात्र घरच्यांसोबत बघण्यासारखा नाही. त्यात उघडीवाघडी माणसे इतकी आहेत की आम्ही तो एका सुट्टीच्या दुपारी दार लावून एकट्यानेच पाहिला. पण मनात घर केले ते त्यानेच. जॉन गिलगुड या नटाने रंगभूमीवर चार वेळा प्रॉस्पेरो केला होता. सिनेमा आला तेव्हा ते ८७ वर्षांचे होते. ग्रीनअवे यांनी केले काय, तर जवळजवळ सगळ्या पात्रांची वाक्ये त्यांच्या एकट्याच्या तोंडी दिली. शत्रू पडद्यावर दिसतात, पण आवाज प्रॉस्पेरोचा. तोच लिहितो, तोच बोलतो. नाटकात एक जागा अशी आहे, की एरियल सांगतो, शत्रूंची अवस्था इतकी वाईट आहे की तुम्ही पाहिलेत तर तुम्हालाही दया येईल. तिथे प्रॉस्पेरोचे मन पालटते. सिनेमात त्यानंतर ती माणसे पहिल्यांदा स्वतःच्या आवाजात बोलू लागतात.

आम्ही तिथे सिनेमा थांबवला. कारण कचेरीत आमच्या टेबलावर एक फाईल पडलेली होती.

अकरा वर्षांपूर्वी एका साहेबांनी आमच्या गोपनीय अहवालात शेरा मारला होता: ‘उद्धट. संघटनेच्या कामात वेळ घालवतो.’ आमची बढती गेली. मागून आलेला पुढे गेला. मुलगी तेव्हा शाळेत होती आणि त्या वर्षी तिच्या क्लासचे पैसे आम्हाला भरता आले नाहीत. या अकरा वर्षांत त्या साहेबांशी आम्ही मनातल्या मनात शेकडो वेळा भांडलो. त्यांची वाक्ये आम्हीच बोलायचो, उत्तरेही आम्हीच द्यायचो आणि दर वेळी जिंकायचो. एकट्याच्या आवाजात सगळी पात्रे! ग्रीनअवे यांनी आमचेच डोके पडद्यावर दाखवले होते.

तेच साहेब आता निवृत्त झाले होते आणि त्यांचे पेन्शनचे प्रकरण आमच्याकडे आले होते. सेवापुस्तकात मधल्या दोन वर्षांच्या पडताळणीच्या नोंदी नव्हत्या. त्रुटी खऱ्याच होत्या. कचेरीत काम करणाऱ्यांना माहीत आहे, की एखाद्याला रडवायचे असेल तर सगळ्या त्रुटी एकदम काढायच्या नसतात. एक काढायची, ती पुरी होऊन आली की दुसरी काढायची. कायदा मोडत नाही आणि माणूस वर्षभर जिने चढतो. प्रॉस्पेरोकडे चोवीस ग्रंथ होते. आमच्याकडे एक सेवापुस्तक आणि एक लाल पेन होते. तेवढे पुरेसे होते.

साहेब एकदा स्वतः आले. हातात कापडी पिशवी, जिना चढून धाप लागलेली. आम्हाला वाटले होते, ते काहीतरी बोलतील. त्यांनी शेऱ्याचा विषयही काढला नाही. कदाचित त्यांना आठवतही नसेल. नाटकातला अँटोनिओही असाच आहे. भाऊ त्याला माफ करतो, तर तो त्यावर एक शब्द बोलत नाही. रंगमंचावर तो गर्दीत खपून जातो, सिनेमात कॅमेऱ्याला त्याचा चेहरा दाखवावाच लागतो. आम्हीही त्या दिवशी तो चेहरा पाहिला. त्यात पश्चात्ताप नव्हता, फक्त थकवा होता.

त्या संध्याकाळी आम्ही सगळ्या त्रुटी एकाच पत्रात लिहिल्या आणि पत्र जावक केले. आमच्या मनात माफी होती, असे खोटे सांगणार नाही. फक्त ते एकपात्री नाटक बंद करावेसे वाटले.

पण गोष्ट इथे संपत नाही. ती फाईल काढताना ट्रेच्या तळाशी एक अर्ज निघाला. आमच्या मजल्यावर झाडू मारणाऱ्या कंत्राटी माणसाचा तो होता. तीन महिन्यांची मजुरी थकली म्हणून त्याने दिलेला. आमच्या एका टिपणीवाचून अडलेला. आम्ही आपल्या सुडात इतके गुंतलो होतो, की रोज आमचे टेबल पुसणाऱ्याचा कागद आमच्याच टेबलावर धूळ खात होता. मोठ्यांना माफी द्यायची की नाही यावर प्रॉस्पेरो एवढा विचार करतो आणि कॅलिबनला खोली आवरायला सांगतो. ते पाहून आम्ही रागावलो होतो. टिपणी त्याच दिवशी लिहिली. त्याला सांगायला गेलो, तर तो म्हणाला, “साहेब, मी चार वेळा विचारायला आलो होतो. तुम्ही कामात होता.” यावर आमच्याकडे उत्तर नव्हते.

नाटकाच्या अखेरीस प्रॉस्पेरो प्रेक्षकांना विनवतो, की टाळ्या वाजवा आणि मला सोडवा. सिनेमात ती टाळी पोचायची कोणाला? टेमरने ते शब्द गाणे करून शेवटच्या नामावलीवर घातले आणि पाण्यात बुडत जाणारे ग्रंथ दाखवले. ग्रीनअवे यांच्या सिनेमातही ग्रंथ पाण्यात जातात. पण तिथे शेवटचे दोन ग्रंथ एकजण पाण्यातून बाहेर काढतो. एक शेक्सपिअरच्या नाटकांचा आणि दुसरा खुद्द ‘टेम्पेस्ट’. तो एकजण म्हणजे कॅलिबन. ज्याला गुलाम केले, त्याच्यामुळे पुस्तक वाचले. आता त्याने ते वाचायचे आहे.

गुरुजींना आम्ही परवा उत्तर दिले. अंगाऱ्याधुपाऱ्याच्या जादूवर आमचा विश्वास नाहीच. पण दुसऱ्याचा कागद आपल्या हातात असणे, ही जादू खरी आहे आणि ती आम्ही कचेरीत रोज करतो. गुरुजी थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “माझ्याकडेही एका मुलाचा दाखला पडून आहे. उद्या देऊन टाकतो.”