मणका आणि स्क्रू

व्हायोलिनच्या चारही तारांना फाइन ट्यूनर, म्हणजे सूर बारीक जुळवायचे स्क्रू, दिसले, की वाजवणारा अजून कच्चा आहे, असे मी पुष्कळ वर्षे धरून चालत असे. ज्याचा कान तयार, त्याचा हात खुंटीवर बसलेला असतो. स्क्रू लागतो तो शिकाऊंना, असे आमच्यात सर्रास बोलले जाई आणि मलाही ते मनापासून पटलेले होते. जोडीला दुसरे कारण असायचे: तारा मागे जिथे अडकवतात त्या टेलपीसवर एवढे लोखंड चढवले की वाद्याचा आवाज बसतो. आज माझ्या व्हायोलिनला चारही ट्यूनर आहेत आणि ते मी काढणार नाही.

दुसरे कारण आधी घेतो, कारण त्यात तथ्य आहे. घोडीच्या मागे टेलपीसपर्यंत तारेचा जो तुकडा उरतो, त्यावर गज फिरत नाही. पण तो मुका नसतो. पूर्ण मापाच्या व्हायोलिनवर वाजणारी तार साधारण ३२८ मिलिमीटर असते आणि मागचा तुकडा तिच्या सहाव्या हिश्शाएवढा, म्हणजे ५५ मिलिमीटरच्या आसपास ठेवतात. टेलपीसच्या छिद्रात वरून बसवायचा ट्यूनर तारेला पुढेच अडकवतो, त्यामुळे हा तुकडा आखडतो. शिवाय टेलपीस स्वतःही थरथरत असतो. त्यावर वजन वाढले की त्याची थरथर बदलते. काही वाद्ये याने दबल्यासारखी बोलतात, हे मी आजही म्हणतो. पण तो दोष वजनाचा आणि जागेचा आहे. ज्या टेलपीसमध्ये ट्यूनर अंगचेच असतात, तिथे तार मागे अडकते, तुकडा पुरेसा मिळतो आणि वजनही बेताचे राहते. मी दोन्ही प्रकारांना एकाच मापाने मोजत होतो.

पहिले कारण नारायणगडावर गळून पडले. बीड जिल्ह्यातला हा गड म्हणजे नगद नारायण महाराजांचे स्थान. पंचक्रोशी त्याला धाकटी पंढरी म्हणते. सप्ताहात वीणा खाली ठेवायची नसते. पहारा बदलला की एकाच्या गळ्यातून ती दुसऱ्याच्या गळ्यात जाते, देणारा-घेणारा एकमेकांच्या पाया पडतात आणि नाम चालूच राहते. अशाच एका कीर्तनात वीणा किंचित उतरली. विणेकरी वयस्कर गृहस्थ होते. त्यांनी खुंटीला हातही लावला नाही. घोडीच्या खालच्या अंगाला तारेत ओवलेला मणका दोन बोटांत धरून जरासा खाली सरकवला, तार छेडली, मान हलवली. टाळांची लय मोडली नाही. त्या माणसाला शिकाऊ म्हणण्याची माझी काय प्राज्ञा!

मग लक्षात आले, तंबोऱ्यालाही मणकेच असतात. मिरजेच्या तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तिथले कारागीर इतकी उत्तम खुंटी बसवतात, तरी मणके ओवतातच. खुंटीने स्वराच्या जवळ जायचे आणि मणक्याने स्वरावर बसायचे, ही आपलीच जुनी रीत. मणका असतो तो घोडीच्या मागे, आणि फाइन ट्यूनरही तिथेच. तंबोऱ्याच्या मणक्याला मी कधी नाक मुरडले नव्हते. व्हायोलिनच्या स्क्रूला मुरडत होतो.

तारेची बाजूही समजून घेण्यासारखी आहे. पूर्वी व्हायोलिनला आतड्याच्या तारा असत. त्या ताणल्या जात, खुंटी जरा जास्त फिरली तरी सांभाळून घेत. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत सर्वांत बारीक तार पोलादी झाली आणि तिच्याबरोबर ट्यूनर आला. पोलाद फारसे ताणले जात नाही. खुंटी केसभर हलली की तार चढीच होते. त्यात आमच्या मराठवाड्याची हवा. उन्हाळ्यात लाकूड आकसून खुंट्या घसरतात, पावसाळ्यात फुगून अडकतात. खडू आणि साबण लावून काही काळ निभावते, पण कीर्तनकाराने पट्टी बदलली की साथीदाराला तेवढा वेळ मिळत नाही.

मला सर्वांत जास्त हलवले ते आवाजाने. गजाननबुवा जोशी, व्ही. जी. जोग, डी. के. दातार यांनी हे वाद्य रागसंगीतात बसवले, म्हणजेच तंबोऱ्याशेजारी बसवले. तंबोऱ्याचा षड्ज २४० कंपनांचा आणि माझी तार २४१ वर असेल, तर सेकंदाला एक हेलकावा ऐकू येतो. त्यालाच आपण कणसूर म्हणतो. तो हेलकावा स्क्रूच्या अर्ध्या वळणाने थांबला, की दुसऱ्या तारेवर बोटाने लावलेल्या षड्जाला मोकळी तार आपोआप साद देते आणि वाद्य भरून बोलते. ट्यूनरने आवाज जातो म्हणून मी तो टाळत होतो. माझ्या व्हायोलिनवर नेमका तोच आवाज अचूक जुळणीने परत मिळाला.

विद्यार्थ्यांना मी खुंटी आधी शिकवतो, कारण स्क्रूची धाव थोडी असते. तार खुंटीने लावण्यापूर्वी स्क्रू मध्यावर आणून ठेवा, म्हणजे दोन्हीकडे जागा राहते. स्क्रू पार आत गेला तर ट्यूनरची खालची पट्टी व्हायोलिनच्या पोटावर टेकून पॉलिश खरवडते, तेव्हा अधूनमधून वाकून बघत जा. ज्यांच्या तारा कृत्रिम धाग्याच्या आहेत, त्यांना एका बारीक तारेपुरता ट्यूनर पुरतो. माझ्या चारही पोलादी आहेत.